शब्दांचे त्रैराशिक : शालेय समसंबंधाचा मराठी–बंगाली इतिहास

कोलकात्यातील बालीगंज सर्क्युलर रोड, ज्याचे आजचे अधिकृत नाव प्रमथेश बरुआ सरणी असे आहे, हा रस्ता शिक्षणाच्या इतिहासकाराला परिचित असावा. तारकनाथ पालित यांच्या दानातून उभे राहिलेले कलकत्ता विद्यापीठाचे बालीगंज विज्ञान महाविद्यालय येथे आहे. १९०८ साली स्थापन झालेले डेव्हिड हेअर ट्रेनिंग कॉलेज याच रस्त्यावर आहे, आणि पश्चिम बंगालच्या राज्य शैक्षणिक संशोधन व प्रशिक्षण परिषदेचा पत्ताही याच रस्त्याचा राहिला. येथून पायी जाता येईल इतक्या अंतरावर, २०२ रासबिहारी ॲव्हेन्यू या घरात, बुद्धदेव बसू दीर्घकाळ राहत होते. 'कविता' हे त्यांचे त्रैमासिक १९३५ ते १९६१ या काळात चालले, त्यातील बराच काळ याच 'कविताभवन'मधून. १९५६ साली जादवपूर विद्यापीठात तौलनिक साहित्याचा विभाग सुरू झाला तो बसूंच्याच पुढाकाराने. एकाच वस्तीत एका बाजूला मुलांची बुद्धी मोजू पाहणारे शिक्षणशास्त्र नांदत होते आणि दुसऱ्या बाजूला दोन साहित्यांतील संबंध कसा वाचावा याचा विचार करणारी कवी-समीक्षकाची बैठक. दोहोंचा मूळ प्रश्न एकच आहे, तो म्हणजे दोन वस्तूंमधील नाते दुसऱ्या दोन वस्तूंमध्ये ओळखता येते काय. या दोन बाजूंनी परस्परांकडे फारसे पाहिले नाही, ही वस्तुस्थिती मला या विषयाकडे घेऊन आली.

प्रस्तुत निबंधाचा विषय दिसायला किरकोळ आहे. मराठी शाळेतील नऊ-दहा वर्षांच्या मुलासमोर 'गाय : वासरू :: शेळी : ?' असे काही मांडले जाते आणि 'करडू' या उत्तराची अपेक्षा केली जाते. मार्गदर्शक पुस्तकांत या प्रकाराला 'समसंबंध' म्हणतात, क्वचित 'सहसंबंध'ही म्हणतात. हा प्रकार शाळेत कोठून आला, मराठीत व बंगालीत येताना त्याचे काय झाले, आणि तो शिकवताना नेमके काय शिकवले जाते, हे येथे पाहावयाचे आहे.

चार पदांची ही मांडणी मुळात गणिताची आहे. ग्रीक भाषेत 'अनालोगिया' म्हणजे प्रमाण. दोन गुणोत्तरांमधील समता दाखवणारी चार ठिपक्यांची खूण विल्यम ऑट्रेड याच्या १६३१ सालच्या ग्रंथात येते, आणि आपल्या प्रश्नपत्रिकांत आजही तीच छापली जाते. भारतीय परंपरेत या मांडणीला त्रैराशिक असे नाव आहे. आर्यभटाने ४९९ च्या सुमारास तिचा नियम दिला. भास्कराचार्यांच्या 'लीलावती'त (११५०) प्रमाण, फल आणि इच्छा अशा तीन राशी ज्ञात धरून चौथी, म्हणजे इच्छाफल, काढली जाते. पंतोजींच्या शाळेतील हिशेब आणि बंगालच्या पाठशाळांतील शुभंकरी या दोन्हींची भिस्त मुखोद्गत कोष्टकांवर आणि त्रैराशिकासारख्या रीतींवर होती. बाजारात बसणाऱ्या माणसाला इतक्या मापाला इतके दाम, तर तितक्या मापाला किती, हे क्षणात सांगता यावे हा तिचा हेतू. शब्दांचे समसंबंध हे या अर्थाने त्रैराशिकच होय. मात्र हे साम्य फार ताणू नये. 'पाच : दहा :: सात : ?' येथे संबंध एकदा निश्चित केला की उत्तर एकच निघते. 'गाय : वासरू' यांतील संबंध कोणता, हे मात्र प्रश्न सांगत नाही. जननी आणि अपत्य असा तो असेल, मोठे आणि लहान असा असेल, स्त्रीलिंगी आणि नपुंसकलिंगी असाही असेल. व्याकरणाची आवड असलेल्या मुलाने तिसरा पर्याय धरला, तर त्याला चूक कसे ठरवावे?

काव्यशास्त्राला ही अडचण जुनी आहे. ॲरिस्टॉटलने 'पोएटिक्स'मध्ये रूपकाच्या प्रकारांत प्रमाणावर आधारलेला प्रकार सांगितला. दिवसाचे जे संध्याकाळशी नाते, तेच आयुष्याचे वार्धक्याशी, म्हणून कवी वार्धक्याला आयुष्याची संध्याकाळ म्हणू शकतो. त्याच ठिकाणी तो एक फार महत्त्वाची गोष्ट नोंदवतो. काही प्रमाणांतील एका पदाला भाषेत नावच नसते. बी टाकण्याला पेरणे म्हणतात, परंतु सूर्य आपले तेज पसरतो त्या क्रियेला स्वतंत्र शब्द नाही, तरीही प्रमाण उभे राहते आणि कवी त्या रिकाम्या जागी 'पेरणे' नेऊन ठेवतो. शालेय प्रश्नात असा निनावी चौथा शब्द चालत नाही, तेथे प्रत्येक रिकाम्या जागेला छापील उत्तर असावे लागते. परीक्षेचा समसंबंध आणि कवितेचा समसंबंध येथे वेगळे होतात, आणि पुढे मराठी–बंगालीच्या संदर्भात हा मुद्दा पुन्हा उपस्थित होणार आहे.

शब्दांचा हा खेळ परीक्षा म्हणून विसाव्या शतकाच्या आरंभी पुढे आला. १९११ साली अमेरिकेत वुडवर्थ आणि वेल्स यांनी साहचर्याच्या कसोट्यांत 'मिश्र संबंधां'ची कसोटी समाविष्ट केली. त्याच वर्षी इंग्लंडमध्ये सिरिल बर्ट यांनी उच्च मानसिक प्रक्रियांवरील आपल्या प्रयोगांत या प्रकाराचा वापर केला. १९१७ साली अमेरिकन सैन्यभरतीसाठी तयार झालेल्या 'आर्मी अल्फा' चाचणीत समसंबंधाचा स्वतंत्र विभाग होता. १९२३ साली चार्ल्स स्पिअरमन यांनी त्याला तात्त्विक बैठक दिली. त्यांच्या मते बुद्धी म्हणजे संबंध शोधणे आणि त्या संबंधावरून दुसरे पद काढणे. समसंबंधाचा प्रश्न या दोन्ही क्रिया एकाच ओळीत करवून घेतो, म्हणून तो बुद्धीचे निर्भेळ माप ठरतो असे मानले गेले. संख्याशास्त्रातील सहसंबंधाच्या गणितातही स्पिअरमन यांचे नाव आहे. मराठीत एकच 'सहसंबंध' शब्द या दोन्ही अर्थांनी रुळला, त्यामुळे अध्यापक विद्यालयातील विद्यार्थ्यांची जी गल्लत होते तिला निदान ऐतिहासिक कारण आहे एवढे समाधान मानता येते!

ही कल्पना भारतात लवकर पोहोचली आणि कलकत्ता हे तिचे पहिले महत्त्वाचे स्थान होते. १९१६ साली कलकत्ता विद्यापीठात नरेंद्रनाथ सेनगुप्त यांच्या नेतृत्वाखाली प्रायोगिक मानसशास्त्राचा विभाग सुरू झाला. भारतातील तो पहिला. १९३८ साली त्याला उपयोजित मानसशास्त्राची शाखा जोडली गेली. प्रशांतचंद्र महालनोबिस यांना आपण नियोजन आणि नमुना पाहणी यांसाठी ओळखतो, परंतु १९३० च्या दशकात त्यांनी बंगाली मुलांसाठी सामूहिक बुद्धिचाचणीवरही काम केले होते. लाहोरमध्ये सी. हर्बर्ट राइस यांनी १९२९ साली बिने चाचणीचे हिंदुस्थानी रूप प्रसिद्ध केले. मुंबई प्रांतात व्ही. व्ही. कामत यांनी कन्नड व मराठी भाषक मुलांसाठी बिने श्रेणीचे संस्करण केले, आणि १९४० साली त्यांचे भारतीय मुलांच्या बुद्धिमापनावरील इंग्रजी पुस्तक आले. स्वातंत्र्यानंतर बालीगंजमधील डेव्हिड हेअर कॉलेजात शैक्षणिक व मानसशास्त्रीय संशोधनाचे सरकारी केंद्र काम करू लागले. ज्यांच्या नावाने हे कॉलेज आहे ते डेव्हिड हेअर हे घड्याळांचे व्यापारी होते, आणि १८१७ च्या कलकत्ता स्कूल बुक सोसायटीच्या कामात त्यांचा वाटा मोठा होता. देशी भाषांत शालेय पुस्तके तयार व्हावीत म्हणून झटलेल्या माणसाच्या नावाच्या संस्थेत देशी भाषांतून बुद्धी मोजण्याचे काम चालावे, यात एक सुसंगती आहे.

मराठी बाजूला या इतिहासाचा एक धागा थेट लंडनला जातो, आणि साहित्याच्या अभ्यासकांनी त्याची दखल घेतलेली मला फारशी आढळत नाही. प्र. के. अत्रे हे शिक्षक म्हणून लंडन विद्यापीठाच्या अध्यापन पदविकेसाठी गेले आणि १९२८ साली ती घेऊन परतले. तेथे त्यांनी प्रायोगिक मानसशास्त्राचा अभ्यास सिरिल बर्ट यांच्याकडे केला. समसंबंधाची चाचणी शालेय मुलांवर प्रथम वापरणाऱ्यांपैकी एकाच्या वर्गात 'झेंडूची फुले'चा कर्ता बसला होता, ही गोष्ट गमतीची तर आहेच, पण त्याहून अधिक काही आहे. विडंबन हा स्वतःच एक समसंबंध असतो. मूळ कवितेतील घटकांचे परस्परनाते जसेच्या तसे ठेवून वस्तू बदलायच्या, आणि नाते ओळखू आल्यामुळेच हसू यावे, ही त्याची रीत. परत आल्यावर अत्र्यांनी 'नवयुग वाचनमाला' सिद्ध केली, आणि मराठी क्रमिक पुस्तकाचे रूप पालटण्याचे श्रेय तिला दिले जाते ते योग्यच आहे. अत्र्यांनी बुद्धिमापनाकडून मोजमाप उचलले नाही. मुलाचे मन ही अभ्यासाची गोष्ट आहे एवढेच उचलले, असे मला वाटते. बर्ट यांच्या जुळ्या मुलांवरील आकडेवारीची विश्वासार्हता त्यांच्या मृत्यूनंतर १९७० च्या दशकात वादग्रस्त ठरली. ते पाहता अत्र्यांची निवड अधिक शहाणपणाची होती.

आता मुख्य प्रश्नाकडे वळू. समसंबंधाचे भाषांतर होते काय?

इंग्रजी चाचण्यांतून भारतीय भाषांत येताना असे गृहीत धरले गेले की शब्द बदलले तरी संबंध तोच राहतो. काही ठिकाणी ते खरे आहे. 'पक्षी : घरटे' किंवा 'डोळा : पाहणे' कोठेही चालेल. परंतु मराठी शिष्यवृत्तीच्या पुस्तकांतील समसंबंध चाळले की त्यांचा फार मोठा भाग प्राण्यांची पिले, त्यांची निवासस्थाने, त्यांचे आवाज, आणि समूहदर्शक शब्द यांवर उभा असलेला दिसतो. गाईचे वासरू, म्हशीचे रेडकू, शेळीचे करडू, मेंढीचे कोकरू, घोड्याचे शिंगरू, हरणाचे पाडस, वाघाचा बछडा. गाईचा गोठा, घोड्याची पागा, कोंबडीचे खुराडे, घुबडाची ढोली, मुंग्यांचे वारूळ. केळ्यांचा घड, द्राक्षांचा घोस, उसाची मोळी, भाकऱ्यांची चवड, करवंदांची जाळी. हा सारा कोश शेतीवर आणि पशुपालनावर जगणाऱ्या समाजाने घडवलेला आहे. जेथे ज्या जनावराशी रोजचा व्यवहार होता तेथे त्याच्या पिलाला वेगळे नाव मिळाले. 'मांजर' आणि 'कुत्रा' यांच्या वाट्याला मराठीत साधे 'पिल्लू' आले, कारण त्यांच्या पिलांचा बाजार भरत नव्हता.

हेच प्रश्न बंगालीत नेले की काय होते ते पाहण्यासारखे आहे. गाईच्या पिलाला बंगालीत 'बाछुर' हा स्वतंत्र शब्द आहे. परंतु शेळी, मेंढी, हरीण यांच्यासाठी बोलीत 'छाना' किंवा 'बाच्चा' आणि ग्रंथभाषेत 'शाबक' पुरते. मराठीतील सात वेगळी उत्तरे बंगालीत दोन-तीन शब्दांत गोळा होतात. तेवढ्यावरून बंगाली मूल मराठी मुलाहून कमी बुद्धिमान ठरत नाही, हे सांगण्याची गरज नसावी. पण चाचणीचे गुण मात्र तसे सांगू शकतात. उलट बाजूही आहे. बंगालीत माशाच्या बारीक पिलांना 'पोना' म्हणतात, आणि इलिश पुरता वाढलेला नसेल तर तो 'खोका इलिश' असतो. बेडकाच्या पिलाला 'ब्याङाचि' हा सुटसुटीत शब्द आहे. मराठीत 'बेडूकमासा' असा सामासिक शब्द करावा लागतो, आणि माशांच्या पिलांसाठी सरकारी पत्रकातले 'मत्स्यबीज'. देशावरची भाषा गुरांकडे बारकाईने पाहते, नद्यांच्या मुलखातली भाषा पाण्याकडे. दोन भाषांतील समसंबंधांच्या याद्या शेजारी ठेवल्या, तर त्यांतून दोन भूगोल वाचता येतात. तौलनिक साहित्याच्या अभ्यासकाला याहून स्वस्त आणि याहून खात्रीचे साधन क्वचितच मिळेल.

नातेसंबंधांच्या शब्दांत हे अधिक तीव्रतेने जाणवते, कारण तेथे केवळ वस्तू वेगळ्या नसतात, समाजाने आखलेल्या रेषाच वेगळ्या असतात. बंगालीत वडिलांच्या थोरल्या भावाला 'जेठा' आणि धाकट्याला 'काका' म्हणतात. मराठीत दोघेही काकाच, वेगळेपण दाखवायचे तर 'थोरले काका' असे विशेषण लावावे लागते. बंगाली स्त्री नवऱ्याच्या थोरल्या भावाला 'भाशुर' म्हणते, धाकट्याला 'देओर'. मराठीत 'दीर' एकच. आता 'काका : काकिमा :: जेठा : ?' हा बंगाली मुलाला अगदी सोपा असलेला प्रश्न मराठीत मांडताच येत नाही. तिसरे पदच निनावी आहे! ॲरिस्टॉटलने सांगितलेली रिकामी जागा येथे प्रत्यक्ष सापडते. आत्या आणि मावशी यांच्या यजमानांची कथा तर वेगळीच. बंगालीत 'पिसी : पिसेमशाय :: मासी : मेसोमशाय' ही जोडी घराघरात जिवंत आहे. मराठीत 'आतोबा' आणि 'मावसा' हे शब्द कोशात आहेत, काही भागांत बोलण्यातही आहेत, परंतु शहरी मराठी घरात दोघांनाही सरसकट 'काका' म्हटले जाते. पुस्तकातील समसंबंध 'आतोबा' मागतो आणि घरातील समसंबंध 'काका' देतो. अशा वेळी घरातले उत्तर देणाऱ्या मुलाचा गुण कापला जातो. याला भाषेचे शिक्षण म्हणावे की भाषेच्या एका जुन्या थराचे पाठांतर, हा प्रश्न मला गंभीर वाटतो.

बालीगंजमधील एखाद्या मराठी घरातील मुलाचा विचार करू. हाजरा रोडवरील महाराष्ट्र निवासात गणेशोत्सवाला जाणाऱ्या, शाळेत बंगाली आणि इंग्रजी, घरी मराठी बोलणाऱ्या या मुलाला 'काका' हा शब्द दोन व्यवस्थांत दोन वेगळ्या जागी बसतो हे फार लवकर कळते. शेजारच्या जेठूंना काका म्हटले तर ते दुरुस्त करतात, नागपूरच्या थोरल्या काकांना जेठू म्हटले तर ते हसतात. नातेवाचक शब्दांची जाळी भाषेगणिक वेगळी विणलेली असते, हे ज्ञान कोणतीही चाचणी त्याला विचारणार नाही. करडू आणि रेडकू यांची नावे मात्र विचारील. गडचिरोली जिल्ह्यात याची उलट प्रतिमा दिसते. पूर्व बंगालमधून आलेली निर्वासित कुटुंबे १९६० च्या दशकात तेथे वसवली गेली, आणि चामोर्शी, मुलचेरा या तालुक्यांत आजही बंगाली बोलणारी गावे आहेत. तेथील जे मूल मराठी शाळेत जाते, त्याला 'पोना' माहीत असतो आणि 'शिंगरू' पाठ करावे लागते.

महाराष्ट्रात शिष्यवृत्ती परीक्षेची परंपरा १९५० च्या दशकापासूनची. दीर्घकाळ ती चौथी व सातवीसाठी होती, २०१६-१७ पासून पाचवी व आठवीसाठी घेतली जाऊ लागली. भाषा, गणित आणि बुद्धिमत्ता चाचणी हे तिचे अंग. या परीक्षेने खेड्यापाड्यांतील मुलांना मोठा आत्मविश्वास दिला, हे मान्य केलेच पाहिजे. जिल्हा परिषदेच्या शाळेतील शिक्षक सकाळी शाळा भरण्यापूर्वी आणि दिवाळीच्या सुट्टीत जादा तास घेत, तेही मोबदला न घेता, ही परंपरा मराठी शिक्षणाच्या इतिहासात नोंदवण्याजोगी आहे. माझा आक्षेप या परिश्रमांवर नाही. बुद्धिमत्तेच्या नावाने जे विचारले जाते, ते बहुतांशी शब्दसंपत्तीचे असते. मार्गदर्शकाच्या शेवटच्या पानांवरील याद्या पाठ केल्या की संबंध शोधण्याची गरज उरत नाही. 'मोर' दिसला की 'लांडोर' म्हणायचे. स्पिअरमन यांना जी क्रिया मोजायची होती, ती क्रिया टाळण्याची कला शिकवली जाते, आणि यशस्वीपणे शिकवली जाते.

याद्यांचा दुसरा एक भाग अधिक अस्वस्थ करणारा आहे. 'सोनार : सोने :: लोहार : लोखंड :: चांभार : ?' या जातीचे प्रश्न वर्षानुवर्षे छापले गेले. प्रश्नकर्त्याच्या मनात कारागीर आणि कच्चा माल एवढाच संबंध असेल. परंतु ज्या मुलाच्या घरी तो व्यवसाय तीन पिढ्यांपूर्वी सुटला आहे आणि आडनावापुरती जात मात्र सुटलेली नाही, त्याला या ओळीतून दुसराच संबंध ऐकू येतो. समसंबंधाचा आकार फार अधिकारवाणीचा असतो. 'जसे हे, तसे ते' असे म्हटले की मधले नाते निसर्गसिद्ध वाटू लागते. आई आणि स्वयंपाकघर, बाबा आणि कचेरी ही जोडीही अशीच. गंमत म्हणजे हा धोका अलीकडे यंत्रांनी पुन्हा उघड केला. २०१३ साली शब्दांना संख्यांच्या राशींत मांडणारी एक पद्धत पुढे आली. तीत 'राजा' मधून 'पुरुष' वजा करून 'स्त्री' मिळवली की 'राणी'च्या जवळ पोहोचता येई. हे शब्दशः त्रैराशिकच होते. २०१६ च्या एका अभ्यासाने दाखवले की त्याच रीतीने विचारल्यास यंत्र पुरुषाशी संगणक आज्ञावलीकार आणि स्त्रीशी गृहिणी जोडते. यंत्राने हे आपल्याच लिखाणातून शिकले होते. शालेय मूल वेगळ्या मार्गाने शिकते असे मानण्यास आधार नाही.

इतर देशांत या प्रश्नप्रकाराचे काय झाले, याचा धावता उल्लेख पुरेसा आहे. अमेरिकेतील महाविद्यालयीन प्रवेशाच्या सॅट परीक्षेत तो १९२६ पासून होता, २००५ साली काढून टाकला गेला. मिलर समसंबंध चाचणी २०२३ साली बंद झाली. आपल्याकडे राष्ट्रीय प्रज्ञाशोध परीक्षा, जिच्या मानसिक क्षमता चाचणीत हे प्रश्न असत, २०२१ मध्ये स्थगित झाली. चाचणी गेली म्हणून शिकवण्याचा प्रश्न संपत नाही.

मुलांना संबंध कळतो कधी? पियाजे यांच्या मते चार पदांचा समसंबंध खऱ्या अर्थाने अकरा-बाराव्या वर्षाच्या सुमारास जमतो, त्यापूर्वी मूल केवळ साहचर्याने उत्तर देते. 'कुत्रा : भुंकणे :: गाय : ?' याला लहान मूल 'दूध' म्हणते, ते या अर्थाने. परंतु उषा गोस्वामी आणि ॲन ब्राउन यांनी १९८९ व १९९० साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासांनी हे मत बरेच सैल केले. चिरणे, वितळणे असे परिचयाचे संबंध असतील तर तीन-चार वर्षांची मुलेही चित्रांतून योग्य जोडी लावतात. अडचण तर्कात नसून संबंधाच्या परिचयात असते. मराठी घरात हे सिद्ध करायला प्रयोगशाळा लागत नाही. तीन वर्षांचे मूल 'मी केले' ऐवजी 'मी करले' म्हणते, 'गेला' ऐवजी 'जाला' म्हणते. 'बसतो : बसला :: करतो : ?' हे त्रैराशिक त्याने कोणी न शिकवता सोडवलेले असते. एकोणिसाव्या शतकात हेर्मान पाउल यांनी भाषेतील बदल याच समीकरणाने स्पष्ट केले होते. आपण मात्र त्या मुलाला 'करले' नव्हे, 'केले' म्हणून थांबवतो आणि सात वर्षांनी त्याच क्षमतेची परीक्षा घेतो.

भारतीय परंपरेत या विषयाचा एक अधिक सूक्ष्म विचार आहे. नैयायिकांनी उपमान हे स्वतंत्र प्रमाण मानले, बौद्धांनी आणि वैशेषिकांनी मानले नाही, आणि न्यायपरंपरेतच भासर्वज्ञाने त्याला स्वतंत्र स्थान नाकारले. त्यांचे ठरलेले उदाहरण गवयाचे. ज्याने गवय पाहिलेला नाही त्याला वनवासी माणूस सांगतो की तो गाईसारखा असतो. पुढे रानात तसा प्राणी दिसतो आणि हा गवय, असे त्याला कळते. वादाचा मुद्दा असा की येथे नवे काय कळले? नैयायिकांचे उत्तर, शब्द आणि वस्तू यांचा संबंध कळला. नवद्वीपच्या पाठशाळांत नव्यन्यायाच्या अंगाने ही चर्चा पिढ्यान्पिढ्या चालली. आज बंगालच्या उच्च माध्यमिक तर्कशास्त्रात 'उपमायुक्ती' हा शब्द आहे, मराठी तर्कशास्त्रात 'साम्यानुमान'. दोन्ही पाश्चात्त्य तर्कशास्त्रातील संकल्पनेची नावे आहेत, गवयाशी त्यांचा संबंध जवळजवळ तुटलेला आहे. अध्यापनाच्या दृष्टीने गवयाचे उदाहरण समसंबंधाच्या छापील ओळीहून मोलाचे आहे, कारण त्यात ऐकणे, जाणे, पाहणे आणि मग नाव देणे हा क्रम आहे. नाव शेवटी येते. मार्गदर्शक पुस्तकात नाव आधी येते आणि करडू कधीच दिसत नाही.

यावरून वर्गात काय करता येईल? एक साधी गोष्ट म्हणजे चौथा शब्द विचारण्यापूर्वी मधले वाक्य विचारणे. 'वासरू हे गाईचे ...' असे वाक्य मुलाने स्वतः पुरे करावे आणि मग तेच वाक्य दुसऱ्या जोडीला लावून पाहावे. एकाच जोडीला दोन वाक्ये निघाली तर दोन्ही उत्तरे मान्य करावीत. दुसरी गोष्ट, कोडी आणि उखाणे यांच्याशी समसंबंध जोडावा. कोडे हा उलटा समसंबंध असतो, त्यात संबंध दिलेला असतो आणि वस्तू लपवलेली. मराठी कोडी आणि बंगाली 'धाँधा' यांची सामग्री विपुल आहे. जैसे–तैसेच्या मालिकांनी भरलेली 'ज्ञानेश्वरी' आपल्या हाताशी असताना 'जसे – तसे' शिकवण्यासाठी परक्या चाचणीचा आधार घ्यावा लागावा, ही आपल्या अभ्यासक्रमाची उपेक्षाच म्हणावी लागेल. बंगालीत सुकुमार राय यांनी 'आबोल ताबोल'मध्ये (१९२३) दोन प्राण्यांची नावे एकमेकांत मिसळून नवे प्राणी घडवले. ते वाचणाऱ्या मुलाने संबंध शोधण्याच्या पुढे जाऊन संबंध मोडून पाहण्याचा आनंद घेतलेला असतो. अत्र्यांची विडंबने आणि राय यांची निरर्थिका एकाच दशकातील आहेत. या दोहोंना शालेय भाषाशिक्षणाच्या दृष्टीने एकत्र वाचण्याचे काम अद्याप पुरेसे झालेले नाही.

आणि द्विभाषिक मुलासाठी तिसरी गोष्ट. 'जेठा'साठी मराठीत शब्द नाही हे त्याला उणीव म्हणून सांगू नये, प्रश्न म्हणून सांगावे. बालीगंजमधील एखाद्या शाळेत, किंवा चामोर्शीतल्या, एकाच फळ्यावर दोन भाषांतील नात्यांची जाळी काढून रिकाम्या जागा मोजता येतील. कोणत्या भाषेत कोणती जागा रिकामी आहे, तेथे लोक काय म्हणून वेळ निभावतात, विशेषण लावतात की दुसऱ्या भाषेतील शब्द उसना घेतात, याची नोंद दहा वर्षांचे मूलही करू शकते. बुद्धदेव बसूंनी 'मेघदूता'चे आणि बोदलेअरचे बंगालीकरण करताना रासबिहारी ॲव्हेन्यूवरच्या त्या घरात याच रिकाम्या जागांशी झुंज घेतली असणार. फळ्यावरच्या त्या चौकटीत 'थोरले काका' असे दोन शब्द लिहावेत की जागा कोरीच ठेवावी, यावर वर्गात वाद व्हावा.